जात्यावर बसलं की ओवी का सुचते? परभणीच्या ओव्यांमधून समजून घ्या फ्रान्सचं अवघड तत्त्वज्ञान

मोबाइलवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरत असतो. नऊवारीतली एखादी आजी जात्यापुढे बसलेली, हात गोल फिरतोय आणि ओठांवर ओवी. खाली कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात. एक गट म्हणतो, 'काय ते सोन्याचे दिवस होते!' दुसरा म्हणतो, 'सोन्याचे कसले? पहाटे उठून दळण दळणं म्हणजे बायकांची निव्वळ गुलामी होती.'

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण दोघांनीही एक गोष्ट केलेली नसते. ती आजी नेमकं काय म्हणतेय, हे ऐकलेलं नसतं.

दुसऱ्याचा अनुभव समजून घ्यायचा तर तो कसा घ्यायचा? या एका प्रश्नावर विसाव्या शतकात फ्रान्समधल्या तत्त्वज्ञांनी आयुष्यं घालवली. त्यातून पुढे आलेले दोन शब्द ऐकायला जड आहेत : फेनॉमेनॉलॉजी आणि हर्मेन्युटिक्स. पण त्यांच्या मागचा विचार समजून घ्यायला पॅरिसला जायची गरज नाही. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड आणि ताडकळस पुरेसं आहे.

फेनॉमेनॉलॉजी म्हणजे काय?

सोप्या मराठीत सांगायचं तर, एखाद्या गोष्टीबद्दलचे सिद्धांत क्षणभर बाजूला ठेवायचे आणि ती गोष्ट अनुभवात आपल्याला कशी भेटते, ते नीट पाहायचं.

परभणीचंच उदाहरण घेऊ. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ज्वारीचे वाण तयार केले. 'परभणी मोती' हे त्यातलं एक नाव. विद्यापीठ ज्वारीकडे पाहतं तेव्हा दाण्याचं वजन, एकरी उतारा, रोगाला तोंड देण्याची ताकद हे सगळं मोजतं. ते ज्ञान खरं आहे आणि गरजेचंही आहे. पण तीच ज्वारी जात्यात घालणाऱ्या बाईला वेगळीच भेटते. खुंटा जड लागतोय की हलका, पीठ बारीक येतंय की भरड, दाणा कोरडा आहे की दमट, हे तिला हाताला कळतं. आकडा न मांडता कळतं.

हे दुसरं ज्ञान कमी दर्जाचं नाही, उलट मोजमापाचं ज्ञान याच्याच पायावर उभं राहतं, असं जर्मन तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल यांचं म्हणणं होतं. माणूस आधी जगात जगतो आणि मग त्याचं मोजमाप करतो. ज्या जगात आपण रोज वावरतो, त्या 'जगण्याच्या जगा'चा विज्ञानाला विसर पडू नये, असं ते सांगत.

हुसर्ल यांनी 1929 साली पॅरिसमध्ये सोर्बोन इथे व्याख्यानं दिली. इमॅन्युएल लेव्हिनास या तरुण अभ्यासकाने 1930 मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्याच सुमाराचा एक किस्सा सिमोन द बोव्हार यांनी सांगितलाय. बर्लिनहून आलेल्या रेमाँ आराँ यांनी कॅफेमध्ये टेबलावरच्या पेयाकडे बोट दाखवलं आणि मित्राला सांगितलं की, हा नवा विचार शिकलास तर या पेल्यावरही तत्त्वज्ञान करता येईल. तो मित्र होता जाँ-पॉल सार्त्र. सार्त्र पुढे हुसर्ल वाचायला बर्लिनला गेले. तत्त्वज्ञान देव, आत्मा, विश्व अशा मोठ्या शब्दांतून निघून टेबलावरच्या पेल्यापर्यंत आलं होतं.

पेला चालतो, तर जातंही चालायला हरकत नाही.

हाताला कळतं, डोक्याला नंतर

या विचाराला शरीरापाशी आणलं मॉरिस मेर्लो-पॉन्टी यांनी. 'फेनॉमेनॉलॉजी ऑफ पर्सेप्शन' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक 1945 साली आलं. त्यांचा मुद्दा असा की, शरीर ही मनाने चालवायची गाडी नाही. शरीर स्वतःच जग समजून घेत असतं.

त्यांचं एक उदाहरण आंधळ्या माणसाच्या काठीचं आहे. सवय झाली की त्या माणसाला हातातली काठी जाणवत नाही. काठीच्या टोकाशी असलेला रस्ता जाणवतो. काठी वस्तू राहत नाही, शरीराचा भाग होते.

याचा पुरावा तुमच्या हातातही आहे. मोबाइलमधल्या एखाद्या ॲपची जागा बदलून पाहा. पुढचे काही दिवस अंगठा जुन्याच जागी जाईल. ॲप कुठे होतं ते कुणी विचारलं तर सांगताना क्षणभर अडखळाल, पण अंगठा अडखळत नाही. ही आठवण अंगठ्यात साठलेली असते.

आता मराठीतली जुनी म्हण आठवा : जात्यावर बसलं की ओवी सुचते. ही म्हण नेमकी हेच सांगते. ओवी आधी सुचली आणि मग दळायला बसलं, असं होत नाही. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने मधूनमधून वैरण घालायची, दगडाची घरघर, शरीराचा पुढेमागे झोका आणि त्या लयीत श्वास. त्या श्वासावर शब्द बसतात. ज्या बाईला 'एखादी ओवी म्हणून दाखवा' म्हटलं तर आठवत नाही, तिला खुंटा हातात आला की एकामागून एक आठवू शकतात. आठवण फक्त डोक्यात असती तर जात्याची गरज पडली नसती.

म्हणूनच गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले आणि त्याबरोबर ओवीची जागाही गेली. आज अनेक घरांत जातं निघतं ते लग्नात, हळद दळायला आणि घाणा भरायला. गाणं तेवढ्यापुरतं परत येतं.

मग एवढ्याने भागत का नाही?

इथपर्यंत वाचून वाटेल की अनुभव बारकाईने पाहिला की झालं. पण इथेच अडचण सुरू होते. दुसऱ्याचा अनुभव आपल्याला थेट पाहता येतच नाही.

दळणाऱ्या बाईला विचारा, 'तुम्हाला काय वाटतं?' 'काय वाटायचं? दळायचं ते दळायचं,' असं उत्तर येऊ शकतं. तीच बाई ओवीत मात्र माहेर, भाऊ, सासूचा बोल, मेलेलं लेकरू, पंढरीची वाट, सगळं सांगून जाते. म्हणजे तिचा अनुभव तिच्या शब्दांतून, प्रतिमांमधून, गोष्टींमधून फिरून आपल्यापर्यंत येतो. आणि शब्द आले की त्यांचा अर्थ लावणं आलं.

अर्थ लावण्याच्या या शास्त्राला हर्मेन्युटिक्स म्हणतात. सुरुवातीला ते बायबलसारखे धर्मग्रंथ आणि जुने कायदे वाचण्यापुरतं होतं. मराठी माणसाला ही गोष्ट मुळीच नवी नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका आहे. आजही गावोगावच्या सप्ताहात कीर्तनकार एकच अभंग घेतो आणि दोन तास त्याचं निरूपण करतो. अभंग तोच, पण प्रत्येक कीर्तनकाराचं निरूपण वेगळं. तरीही कुणी काहीही अर्थ सांगितला तर श्रोते मान डोलावत नाहीत. एका ओळीचे अनेक अर्थ निघतात, पण वाटेल तो अर्थ निघत नाही. हर्मेन्युटिक्सचा सगळा डोलारा या दोन वाक्यांच्या मध्ये उभा आहे.

कैदखान्यात झालेलं भाषांतर

अनुभवाचा विचार आणि अर्थाचा विचार यांची फ्रान्समध्ये गाठ घालणारं मोठं नाव म्हणजे पॉल रिकर.

रिकर यांचा जन्म 1913 चा. आई जन्मानंतर थोड्याच काळात गेली, वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आजी-आजोबा आणि आत्याने त्यांना वाढवलं. दुसऱ्या महायुद्धात 1940 साली ते जर्मनांच्या हाती सापडले आणि पुढची पाच वर्षं युद्धकैदी म्हणून छावणीत राहिले. तिथे त्यांनी हुसर्ल यांच्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर सुरू केलं. कागद नव्हता, म्हणून पुस्तकाच्या समासातच बारीक अक्षरात लिहिलं. ते भाषांतर 1950 मध्ये प्रसिद्ध झालं.

रिकर यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाला स्वतःचं मनही सरळ आत डोकावून कळत नाही. त्याला लांबच्या वाटेने जावं लागतं. प्रतीकं, कथा, रूपकं, गाणी यांतून फिरून आल्यावरच आपण कोण आहोत ते थोडंफार हाती लागतं. 1960 पासून पुढे दुष्टाव्याची प्रतीकं, फ्रॉइडचं मनोविश्लेषण, रूपक, कथा आणि काळ अशा विषयांवर त्यांनी जी पुस्तकं लिहिली, ती या लांबच्या वाटेवरचे मुक्काम आहेत.

या वाटेवर त्यांनी वाचनाच्या दोन रीती सांगितल्या. एक संशयाची. मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना त्यांनी संशयाचे गुरू म्हटलं. वरवर जे दिसतं त्याच्यामागे पैसा, सत्ता किंवा दडपलेली इच्छा लपलेली असू शकते, हे या तिघांनी शिकवलं. दुसरी रीत श्रद्धेची, म्हणजे आंधळ्या विश्वासाची नव्हे. समोरचा काही तरी सांगू पाहतोय, ते आधी ऐकून घेऊ, अशी वृत्ती. रिकर म्हणतात, दोन्ही रीती लागतात. नुसत्या संशयाने माणूस बहिरा होतो आणि नुसत्या श्रद्धेने भोळा.

गंगाखेडची जनाबाई : दोन वाचनं

हे दोन्ही चष्मे लावून परभणी जिल्ह्यातल्या सर्वांत प्रसिद्ध जात्याकडे पाहू.

संत जनाबाई गोदावरीकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या संत नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या आणि आयुष्यभर स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेत राहिल्या. परंपरा सांगते की जनी दळायला बसली की विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या घराघरात माहीत आहे आणि जात्यावरच्या ओव्यांमध्येही ती पुन्हा पुन्हा येते.

संशयाचं वाचन म्हणेल : ही गोष्ट कष्टावर साखर पेरते. देव येऊन दळतो म्हटलं की दासीचं काम गोड होतं आणि तिला दासी का राहावं लागलं हा प्रश्न मागे पडतो. दळण तेवढंच राहतं, मालकही तोच राहतो. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही.

आता ऐकून घेणारं वाचन. जातं साधारणपणे दोघी ओढतात. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय. एकटीने दळणं म्हणजे दुप्पट कष्ट आणि समोरची रिकामी जागा. दासी म्हणून राहणाऱ्या जनीच्या समोर कोण बसणार? त्या रिकाम्या जागेवर ती विठ्ठलाला बसवते. देवळातल्या गाभाऱ्यात तिला किती जवळ जाता आलं असतं, हा वेगळा प्रश्न. इथे मात्र देवच जमिनीवर येऊन मांडी घालतो, खुंट्याला हात लावतो आणि बायकांचं मानलेलं काम करतो.

पहिल्या वाचनात ही गोष्ट सांत्वन ठरते, दुसऱ्यात ती मागणी ठरते : माझ्या कामाची किंमत एवढी आहे की त्यासाठी देवाने यावं. रिकर यांच्या रीतीने जायचं तर यातलं एक निवडून दुसरं फेकायचं नाही. पहिलं वाचन दुसऱ्याला भाबडं होऊ देत नाही आणि दुसरं पहिल्याला तुसडं होऊ देत नाही.

ताडकळसच्या ओवीतली झाडं

जनाबाईंनंतर काही शतकांनी, त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावात एक आवाज ध्वनिमुद्रित झाला. आणि त्यामागे एक फ्रेंच माणूस होता.

गी प्वातवाँ हे फ्रान्समधून 1972 मध्ये पुण्यात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि 2004 मध्ये वारले. दया पवारांचं 'बलुतं' आणि बेबी कांबळे यांचं आत्मकथन त्यांनी फ्रेंचमध्ये नेलं. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम उभं केलं. खेड्यातल्या कार्यकर्त्या बायकाही या कामात होत्या. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या एवढा हा संग्रह आहे. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकाच्या सहभागाने ध्वनिमुद्रणं झाली. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' म्हणजे 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात.

त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज आहे. त्यांच्या ओव्यांमध्ये वनवासातली सीता येते. अरण्यात कुणी तरी रडतंय आणि सीतेची समजूत काढायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात, अशी ती प्रतिमा आहे.

शहरातल्या वाचकाला ही सुंदर कल्पना वाटेल आणि तो पुढे जाईल. पण जरा थांबून पाहू. बोर आणि बाभूळ ही कुठली झाडं आहेत? मराठवाड्याच्या बांधावर, माळावर, कमी पाण्यात तग धरणारी काटेरी झाडं. त्यांना कुणी हौसेने लावत नाही आणि पूजेतही वड-पिंपळाचा मान त्यांना नाही. राजवाड्याने टाकलेल्या बाईजवळ येतात ती हीच झाडं. राजवाड्यातलं कुणी येत नाही.

रूपकाबद्दल रिकर यांनी 1975 मध्ये एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते, चांगलं रूपक म्हणजे बोलण्यावरची नक्षी नाही. ते जगाकडे पाहण्याची नवी पद्धत देतं. बाभळी म्हणजे बायका, असं ओवी म्हणते तेव्हा बाभूळ बदलते आणि बायकाही बदलतात. काटे असलेल्या, कोरड्यात उभ्या राहणाऱ्या, तरीही दुसरीचं रडणं ऐकून येणाऱ्या बायका. रामकथा सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कथेत कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे ओवी इथे ठरवते आणि तेही एकही आरोप न करता.

सिमोन द बोव्हार यांनी 'द सेकंड सेक्स' या 1949 च्या ग्रंथात घरकामाची तुलना सिसिफसच्या शिक्षेशी केली होती. डोंगरावर दगड ढकलत न्यायचा, तो पुन्हा खाली येणार. आज दळलेलं पीठ आज संपतं, उद्या पुन्हा दळण. मागे काही उरत नाही, म्हणून त्यातून बाईला स्वतःचं काही घडवता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दळणाबद्दल तो खराच आहे. पण त्याच दगडाभोवती एक लाखाहून जास्त ओव्या उरल्या. कष्टातून काही उरलं म्हणून कष्ट न्याय्य ठरत नाहीत, हे खरं. पण त्या कष्टात बायका नुसत्या राबत नव्हत्या, त्या विचार करत होत्या, हेही तितकंच खरं. 1996 साली प्वातवाँ आणि राईरकर यांनी जातं आणि भक्ती या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तेव्हा शेतकरी बायकांची भक्ती आणि स्वामी लोकांचं तत्त्वज्ञान या दोन्हींना एकाच चर्चेत आणलं. ओवीला 'लोकगीत' म्हणून कौतुकाच्या कपाटात ठेवणं आणि तिला विचार म्हणून उत्तर देणं, यात मोठा फरक आहे.

ओवी मोबाइलवर आली की काय होतं?

रिकर यांचा आणखी एक विचार आजच्या काळाला चपखल लागू होतो. बोललेला शब्द लिहिला गेला की तो बोलणाऱ्याच्या हातून सुटतो. बोलताना समोरचा माणूस असतो, प्रसंग असतो, चुकीचं समजलं तर दुरुस्त करता येतं. मजकूर झाला की तो कुणाच्याही हाती पडतो. त्याचा अर्थ त्याच्या कर्त्याच्या मनापुरता राहत नाही.

रिकर याला नुसतं नुकसान मानत नाहीत. मजकूर सुटतो म्हणूनच दूरच्या, नंतरच्या लोकांपर्यंत पोहोचतो. गंगुबाईंचा आवाज मुद्रित झाला नसता तर ताडकळसबाहेर कुणी ऐकला असता? पण सुटलेल्या मजकुराची जबाबदारी वाचणाऱ्यावर येते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये जात्याची घरघर कापून त्यावर बासरी चढवली, गावाचं नाव गाळलं आणि खाली 'आपली संस्कृती' एवढंच लिहिलं, तर ओवी पोहोचते पण बाई पोहोचत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशी ओवी समोर आली की फॉरवर्ड करण्याआधी तीन साधे प्रश्न विचारता येतील :

- हे शब्द कुठल्या शरीरातून येतायत? कुठलं काम चालू आहे, किती वेळ, एकटीने की दोघींनी? हा मेर्लो-पॉन्टी यांचा प्रश्न.
- यात काय झाकलं जातंय? कुणाचे कष्ट, कुणाचा फायदा, कुठली जात, कुठलं नातं? हा संशयाचा प्रश्न.
- ती काय सांगू पाहतेय? आपल्याला आधीच माहीत असलेलं सोडून तिथे नवं काय आहे? हा ऐकण्याचा प्रश्न.

पहिल्या प्रश्नाशिवाय उरलेले दोन हवेत राहतात. दुसरा टाळला तर 'सोन्याचे दिवस' ही कमेंट लिहिली जाते आणि तिसरा टाळला तर 'निव्वळ गुलामी' ही.

'पारी'वर या ओव्या आवाजासकट आहेत. ऐकताना शब्द लगेच कळले नाहीत तरी चालेल. मराठवाड्याची बोली आहे, दोन-तीनदा ऐकावं लागतं. घरात कुणी आजी, मावशी, आत्या जात्यावर बसलेली असेल तर तिला ऐकवावी आणि त्या ओळीचा अर्थ तिला विचारावा. पुस्तकात नसलेला अर्थ मिळण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त आहे.